शेरा : स्थिर

कपाटाच्या डाव्या बाजूच्या दोन्ही पायांखाली कागदाच्या घड्या होत्या. त्यांची जाडी अकरा मिलिमीटर आणि वर दोन दशांश. मी ती व्हर्नियरने तीन वेळा मोजली, कारण पहिल्या खेपेला माझा विश्वास बसला नाही.

आईला जाऊन तेव्हा दोन आठवडे झाले होते. कपाट रिकामं करून मागची धूळ काढावी म्हणून ते पुढे ओढलं, तर ते डुगडुगलं आणि घड्या बाहेर आल्या. दिनदर्शिकेची शेवटची पानं होती ती, सोळा वर्षांचे सोळा डिसेंबर. प्रत्येक पान मधोमध फाडलेलं, अर्धं पुढच्या पायाला, अर्धं मागच्या. अर्धं पान तीनदा दुमडलं की आठ पदर होतात. नवी दिनदर्शिका खिळ्याला अडकवली की जुनीचं शेवटचं पान आई कपाटाखाली सारत असणार. डावं दार आपोआप उघडायचं, तेवढ्यासाठी. पानांच्या वरच्या अर्ध्यावर एका तारखेभोवती पेन्सिलीचं वर्तुळ होतं. महिन्याचा पहिला रविवार. मी घरी यायचा दिवस.

कपाट एक मीटर वीस सेंटिमीटर रुंद आहे. घराची रुंदी सात मीटर. त्रैराशिक शाळेतल्या मुलालाही येईल. सोळा वर्षांत आमचं घर ओढ्याच्या बाजूला साडेसहा सेंटिमीटर कललं होतं, आणि ते फक्त आईने मोजलं होतं.

मी घड्या होत्या तशा परत पायांखाली सारल्या. बाहेरच्या खोलीत बाबा पेपर वाचत होते. मी त्यांना काही बोलले नाही.

*

आमचं घर उतारावर आहे. वर टेकडी, खाली ओढा, आणि मध्ये पायऱ्यांची एक गल्ली. गल्लीच्या टोकाला दोनच घरं, आमचं आणि घड्याळजींचं. परसात, घरापासून तेवीस मीटर वर, एक शिळा आहे. उभ्या म्हशीएवढी, वालुकाश्माची, थर स्पष्ट दिसणारी. तिच्यात एक पितळी खिळा ठोकलेला आहे आणि तसाच एक घराच्या मागच्या भिंतीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा आणि मी या दोन खिळ्यांमधलं अंतर मोजतो. अठ्ठावीस वर्षं.

बाबा मोजणीदार होते. रस्त्यांची आखणी करण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त होऊन आता त्यांना तेवीस वर्षं झाली, पण गल्लीत अजून त्यांना मोजणीसाहेबच म्हणतात. त्यांची पोलादी फीत, तिच्या टोकाला लावायचा ताणकाटा आणि तापमापक एका लाकडी पेटीत असतात. बाबा शिळेपाशी उभे राहून फीत ताणतात. काटा दहा किलोवर आला की ओरडतात, "हं!" मी भिंतीपाशी आकडा वाचते. ऊन असेल तर पोलाद वाढतं, म्हणून तापमानाची दुरुस्ती करायची. मग बाबा वहीत लिहितात. तारीख, तापमान, अंतर, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेरा तीनशेहून अधिक वेळा एकच आहे. स्थिर. खरं म्हणजे मी आकडा सांगायच्या आधीच बाबांनी तो लिहिलेला असतो.

आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. "झाली का बाप-लेकीची पूजा? चहा गार होतोय."

"पूजा नाही, मोजणी आहे," बाबा म्हणायचे.

"मग माझं दार का अडकतं ते मोजा की. मागच्या वर्षी सुताराने तासलं, यंदा परत अडकलं. घर चाललंय तुमचं."

"लाकूड फुगतं गं. दमट हवा."

"अच्छा. म्हणजे दगडाचं तुम्हाला कळतं, लाकडाचंही कळतं आणि मला मेलीला फक्त चहाचं."

मग आम्ही दोघं हसायचो, मीसुद्धा. माझ्याकडे भूशास्त्राची पदवी होती.

ही जागा मी पास केलेली. मी चोवीस वर्षांची होते, नोकरीला लागून चार महिने झाले होते. प्लॉट घेण्याआधी बाबा मला इथे घेऊन आले आणि त्यांनी शिळेवर हातोडा मारला. खणखणीत वाजली. "काय वाटतं? मूळ खडक आहे ना?" ते म्हणाले. इतक्या वर्षांचा अनुभवी माणूस मला विचारत होता. मी होकायंत्र काढलं, थरांचा कल मोजला. ओढ्याच्या पलीकडे उघडा खडक आहे, तिथलाही मोजला. तिकडे थर पंधरा अंशांनी कललेले, इकडे बारा. तीन अंशांचा फरक मी हाताची चूक धरला. खडक एकच आहे, ओढ्याने मधून कापलाय, इतकंच, असं मी म्हणाले. वर हेही म्हणाले, "हा डोंगराचं हाड आहे, बाबा. हा कुठे जाणार?"

बाबांनी त्याच दिवशी शिळेला भोक पाडलं आणि खिळा बसवला. गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटले, पोरीने तपासलंय. घड्याळजींनी शेजारचा तुकडा घेतला तो ह्याच वाक्यावर.

उतारावरची माती कशी चालते हे समजावून सांगायला मला दोन मिनिटं लागतात. ओली झाली की माती फुगते. फुगताना प्रत्येक कण उताराच्या काटकोनात वर उचलला जातो. वाळताना मात्र तो सरळ खाली बसतो, कारण गुरुत्वाकर्षणाला उतार माहीत नसतो. उचललं जाणं आणि बसणं यांत केसाएवढं अंतर पडतं. दर वेळी केसाएवढं, आणि दर वेळी खालच्याच बाजूला. त्याला आम्ही भूसर्पण म्हणतो. मातीत रुतलेले मोठे दगडही तिच्याबरोबर येतात, कधी काळी वरून सुटून आलेले, अर्धे पुरलेले, जागचेच वाटणारे. हातोडा मारला तर तेही खणखणीतच वाजतात.

शिळा आणि घर एकाच मातीवर बसून एकाच वेगाने खाली येत होते. त्यांच्यातलं अंतर कसं बदलणार? घर अख्खंच कलत होतं, म्हणून भिंतींना भेगासुद्धा पडल्या नाहीत. भेग पडायला एका भागाने थांबावं लागतं.

*

आई गेल्यावर पुढच्या महिन्यात मी ऑफिसातलं मोजणीयंत्र दोन दिवसांसाठी मागून आणलं. बस गल्लीच्या तोंडाशी थांबते. मी एक थांबा आधीच उतरले, ओढा ओलांडला आणि पलीकडच्या उघड्या खडकावर यंत्राचं तिकाटणं उभं केलं. तो खडक मूळचा आहे यात शंका नाही. त्याचे थर ओढ्याच्या तळाखालून जाताना दिसतात. आदल्या भेटीत बाबा झोपलेले असताना मी शिळेच्या अंगावर आणि घराच्या ओढ्याकडच्या भिंतीवर परावर्तक पट्ट्या चिकटवून ठेवल्या होत्या. टपाल तिकिटाएवढ्या, राखाडी. कोणाच्या नजरेत भरू नयेत अशा.

त्यानंतर बारा महिने असंच चाललं. सकाळच्या बसने निघायचं, पलीकडून मोजायचं, यंत्राची पेटी ओढ्याजवळच्या पंपघराच्या पहारेकऱ्याकडे ठेवायची आणि दुपारी घरी पोचून बाबांबरोबर फीत ताणायची. आकडा वाचायचा. तेवीस मीटर, चारशे सतरा मिलिमीटर. शेरा, स्थिर.

कोरड्या महिन्यांत शिळा महिन्याला अर्धा-पाऊण मिलिमीटर सरकली. ओल्या महिन्यांत चार, एकदा सहा. वर्षाचे तेवीस. घराचेही तेवीस. सोळा वर्षांच्या घड्यांपेक्षा हा वेग बराच जास्त होता. मातीचं सरकणं मुकाट असतं, पण वेग वाढायला लागला की एखाद्या ओल्या आठवड्यात ते सगळं एकदमही उरकतं. अशा जागांचे अहवाल लिहिणं हीच माझी नोकरी. दुसऱ्या कोणाचं घर असतं तर मी चौथ्याच महिन्यात पत्र काढलं असतं.

माझ्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या आहेत. पुढची खिडकी वाहनतळावर उघडते. संध्याकाळी मी ऑफिसातून येते, कुलूप उघडते आणि पाण्याची मोटर लावते. कोणाशी बोलायचं म्हटलं तर बाबांना फोन करता येतो, पण फोनवर बाबांना ऐकू कमी येतं. दोन्ही बाजूंनी "काय?" "काय?" करून आम्ही ठेवून देतो. आमचं खरं बोलणं त्या तेवीस मीटरांतच व्हायचं. हं, वाचलं का, परत एकदा ताणा, वारा आहे, थांब जरा. महिन्यातली वीस मिनिटं. मी एक वाक्य बोलले की ती वीस मिनिटं संपणार होती. शिवाय बाबा वाहनतळाकडे बघत त्या खिडकीत बसलेले माझ्या डोळ्यांसमोर यायचे. म्हणून मी अजून एक वाचन घेऊ म्हणत होते. अजून एक घेतलं की आणखी एक.

*

गेल्या रविवारी बाबा परसातच होते. हातात पेटी.

"उशीर केलास."

"बस उशिरा आली."

"हल्ली तुझी बस उशिराच येते," ते म्हणाले आणि फीत उलगडायला लागले.

तेवढ्यात घड्याळजी आले. सत्तरीकडे झुकलेले, भिंग अजून कपाळावर चढवलेलं. भिंग काढायला विसरून ते बाजारातही जातात.

"साहेब, बरं झालं सापडलात. ताई पण आहेत, म्हणजे सोन्याहून पिवळं. एक सही पाहिजे."

"आधी बसा तरी. कसली सही?"

"वरचा मजला चढवतोय. पोर परत येतेय हो माझी, कायमची. दोन लेकरं आहेत बरोबर." शेवटचं वाक्य त्यांनी हळू आवाजात उरकलं. "एका खोलीत कुठे मावणार? गवंडी म्हणाला, जमीन कशी आहे ते विचारून घ्या. मी म्हटलं, अरे, विचारतोस काय! शेजारी अठ्ठावीस वर्षांची वही आहे. तुमच्या वहीचा फोटो काढून त्याला दाखवतो. तेवढी शेवटच्या पानावर ताईंची सही झाली की गवंडी गप्प बसेल."

बाबांनी फीत हातातच धरून ठेवली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"किती वजन पडेल मजल्याचं?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक? मी घड्याळांतला माणूस. आमच्याकडे वजन म्हणजे एवढंसं," त्यांनी चिमूट दाखवली. "चला ना ताई, बघून घ्या घर. चहा पण होईल. साहेब, तुम्ही पण."

"मी इथे बरा आहे," बाबा म्हणाले.

घड्याळजींच्या पुढच्या खोलीत लंबकाचं जुनं घड्याळ आहे. ते भिंतीवर तिरकं टांगलेलं होतं. इतकं तिरकं, की आत शिरताच मान वाकडी करावीशी वाटली.

"हे असं का?"

स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "विचारा, विचारा! अख्ख्या गावाची घड्याळं सरळ करतात. घरातलं बघा!"

"तिचं ऐकू नका. इकडे या, कान लावा." घड्याळजींनी मला जवळ ओढलं. "टिक आणि टॉक यांत सारखं अंतर पाहिजे. एक लांब नि एक आखूड झालं की घड्याळ लंगडतं आणि दोन दिवसांत बंद पडतं. हे दर वर्षी लंगडायला लागतं. मग मी खालून बोटभर सरकवतो, ठोके जुळेपर्यंत. ऐका आता. जुळलेत ना?"

जुळले होते. लंबक अगदी मधोमध झुलत होता.

"म्हणजे घड्याळ सरळ आहे, काका."

"तेच तर मी हिला सांगतो! घड्याळ सरळच आहे, भिंत तिरकी आहे." ते स्वतःच्या विनोदावर खूप हसले. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

मी कोपऱ्यात पाहिलं. दोन छोट्या गाद्या गुंडाळून ठेवल्या होत्या, नव्या, प्लास्टिकसकट.

"कधी येणार आहेत?"

"पुढच्या महिन्यात. पाऊस सुरू व्हायच्या आत स्लॅब पडला पाहिजे." त्यांनी भिंग डोळ्यावर ओढलं आणि परत कपाळावर सरकवलं. "चार वर्षांत आली नव्हती हो ती. ही रोज दोन ताटं जास्त घासून ठेवते."

मी चहा प्यायले. सहीचं काय ते मोजणी झाल्यावर बघते, म्हणाले.

"सावकाश. आम्ही कुठे पळून जातोय?" घड्याळजी म्हणाले.

*

परत येताना मी पुढच्या पायऱ्यांनी न येता ओढ्याच्या बाजूने, घराला वळसा घालून आले. तिकडच्या भिंतीवर मी लावलेली पट्टी आहे. भिंतीवर शेवाळाचा हिरवा-काळा थर चढलाय, कारण त्या बाजूला ऊन येत नाही. महिनाभरात पट्टीवरही एक पापुद्रा बसतो आणि पलीकडून वाचन घ्यायला त्रास होतो. त्या सकाळी मात्र पट्टी यंत्रात पहिल्याच फटक्यात लागली होती. मला बरं वाटलं होतं, त्याचं कारण मी शोधलं नव्हतं.

आता मी ती जवळून पाहिली. पट्टी लख्ख पुसलेली होती. आजूबाजूचं शेवाळ तसंच होतं, पण पट्टीच्या कडेने ओल्या फडक्याचा एक चौकोन उमटला होता, काळजीपूर्वक काढलेला, पट्टी हलू नये अशा बेताने. भिंतीवर चढलेली वेल पट्टीच्या पुढून छाटलेली होती. छाट जुनी होती. देठांची टोकं वाळून करडी झाली होती. खाली कुंपणाच्या झुडपातही एक फांदी कापलेली दिसली. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. कापलेल्या जागेतून ओढ्यापलीकडचा खडक सरळ दिसत होता. मी जिथे तिकाटणं उभं करते ती जागासुद्धा.

नजरेची रेषा मोकळी करणं हे मोजणीदाराच्या हाताखाली शिकणाऱ्याचं पहिलं काम असतं. बाबांनी ते मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं.

किती महिने ते इथे उभे राहून मला पलीकडे बघत असतील, हे मी मोजायला गेले नाही. मागे परसात गेले. बाबा शिळेपाशी उभे होते. फितीचं दुसरं टोक त्यांनी माझ्या बाजूच्या, भिंतीतल्या खिळ्याला अडकवून ठेवलं होतं.

"काय म्हणतो घड्याळजी?"

"दोन गाद्या आणून ठेवल्यात त्यांनी."

"हं." बाबांनी काटा लावला. "चल, वाच."

त्यांनी ताण दिला. एक्क्याऐंशी वर्षांचे हात, पण काटा दहावर येऊन थरथरला नाही. "हं!"

"तेवीस मीटर चारशे सतरा."

"परत."

"चारशे सतरा."

"तापमान?"

"सव्वीस."

त्यांनी फीत सैल केली आणि ती पुसत पुसत गुंडाळली. दर वेळी पुसतात. मग शिळेवरच टेकले, बाजूला माझ्यासाठी जागा ठेवून. वही मांडीवर उघडली. तारीख लिहिली, तापमान लिहिलं, दुरुस्ती तोंडी करून अंतर लिहिलं. पेन्सिल शेवटच्या रकान्यावर आली आणि थांबली. रकाना कोरा होता. तो कोरा असताना मी कधी पाहिलाच नव्हता.

खाली घड्याळजींच्या घरात कसले तरी पाच ठोके पडले आणि पाठोपाठ दुसऱ्या घड्याळाचे पाच.

"तुझी आई म्हणायची, दार अडकतं," बाबा म्हणाले.

"हो."

"आपण हसायचो."

"कपाटाखाली तिच्या घड्या आहेत, बाबा. सोळा."

"माहीत आहे. सतरावी मी घातली." त्यांनी शिळेवर तळहात ठेवला, थरांच्या आडव्या रेघांवर, आणि तो तिथेच राहू दिला. "दार उघडत होतं सारखं."

मी त्यांच्या शेजारी बसले. दगड उन्हाने कोमट झाला होता. बारा अंश, मी मनात म्हटलं. पलीकडे पंधरा.

"ही जागा घ्या म्हणून मी तुम्हाला सांगितलं होतं," मी म्हणाले.

"तू चोवीस वर्षांची होतीस. मी त्रेपन्नचा होतो, माझ्याही हातात हातोडा होता." त्यांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, सवयीने. मग चष्मा नीट केला आणि वही माझ्याकडे थोडी कलती धरली. एखाद्या साइटवर, अनोळखी माणसांसमोर विचारावं तसं त्यांनी मला विचारलं.

"शेरा?"

"लिहा," मी म्हणाले. "शिळा सुटी आहे. मूळ खडक नाही, चूक माझी. दोन्ही घरं खाली सरकतायत. घड्याळजींनी मजला चढवायचा नाही, तिथे राहायचंही नाही, हे मी त्यांना आत्ता जाऊन सांगते. आणि आपण हे घर सोडतोय, बाबा. पावसाच्या आत. तुम्ही माझ्याकडे यायचं."